वामनदादांचे गाणे समाजाने पोसले

४ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोरोनाचे कारण देऊन विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली. आरोग्य, मदत व पुनर्वसन, अन्नपुरवठा या खात्यांना अग्रक्रम मिळाला, सांस्कृतिक खात्याला नाही. त्याच वर्षी १४ एप्रिलची जयंती घराघरात झाली आणि भीमगीते गाणाऱ्यांचा हंगाम बुडाला. संकट आले की कलावंत यादीत खाली जातो, हे आम्ही पाहिले. मग आमची कला जगवायची कुणी? उत्तर महाकवी वामनदादा कर्डक यांच्या आयुष्यात आहे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. वडील तबाजी, आई सईबाई. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पोटासाठी मुंबई गाठली आणि मिळेल ती मजुरी केली. शाळेचे तोंड पाहिले नव्हते. मोठेपणी चाळीतल्या देहलवी मास्तरांनी बाराखडी शिकवली, आणि ज्याला कालपर्यंत आलेले पत्र वाचता येत नव्हते, तो माणूस वाचू लागला. समता सैनिक दलात घडला. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे लिहिले आणि पुढची साठ वर्षे लेखणी थांबली नाही.

सत्यशोधक जलशांनी वाट पाडली होती. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला होता. त्याच वाटेने वामनदादा निघाले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पोरका झालेला समाज त्यांच्या गाण्याने धीर धरू लागला. ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हते, त्यांना बुद्ध, फुले, आंबेडकर वामनदादांनी गाण्यातून समजावले. घरात दुःख कमी नव्हते. लेक लहानपणीच गेली. तरी दादा वस्त्यावस्त्यांतून फिरत राहिले. कार्यकर्त्याच्या घरची भाकरी, वर्गणीतून जमलेली बिदागी, यावर हा महाकवी चालला. ‘वाटचाल’, ‘मोहोळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह आले. १९९३ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १५ मे २००४ रोजी नाशिकला ते गेले. एवढ्या मोठ्या आयुष्याला आधार कुणाचा होता? हातावर पोट असलेल्या समाजाचा.

म्हणून काय शासनाला सोडून द्यायचे? मुळीच नाही. अनुदान हा उपकार नव्हे, तो कराच्या पैशातला आमचा वाटा आहे. आपली वेगळी संस्कृती जतन करण्याचा हक्क संविधानाच्या कलम २९ ने दिला आहे. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज, निवेदन, गरज पडल्यास न्यायालय, सारे करू. पण हक्काची लढाई चालू असताना कलावंताची चूल विझता कामा नये.

आज वर्गणी जमते, आणि तिचा मोठा भाग डीजेच्या भिंतीवर जातो. ज्या गाण्यावर तरुण नाचतात, ते लिहिणाऱ्याचे नाव त्यांना ठाऊक नसते. जयंती समित्यांनी खर्चाचा ठरावीक हिस्सा स्थानिक गायक, ढोलकीवाले, शाहीर यांच्यासाठी आधीच बाजूला काढावा. समिती नोंदवावी, हिशेब विहारात वाचून दाखवावा, बिदागी त्याच रात्री द्यावी. आणखी एक ध्यानात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या गीतांचे हक्क शाबूत राहतात. म्हणजे वामनदादांच्या गीतांचे २०६४ अखेरपर्यंत. कलावंतांनो, वाचल्याशिवाय कुठल्याही करारावर सही करू नका. आमच्यासारख्या वकिलांनी तो करार फुकट वाचून द्यावा.

वामनदादांच्या जयंतीला हार घालणे सोपे आहे. आपल्या वस्तीत आज गाणारा जो वामन आहे, त्याच्या घरी दाणे आहेत का, हे आधी पाहू या.

जय भीम!