क्षेत्ररक्षणाचे गुरू : कर्नल हेमू अधिकारी

क्रिकेट म्हटले की चौकार-षटकार आठवतात. धावा अडवणाऱ्याचे नाव सहसा कुणी घेत नाही. कर्नल हेमू अधिकारी यांनी मात्र त्यालाच मानाचे स्थान दिले.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धात गेली. १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिली कसोटी खेळले, तेव्हा अठ्ठाविशी उलटली होती. सैन्यातली नोकरी सांभाळून त्यांना २१ कसोट्याच खेळता आल्या. तरी १९४८ मध्ये दिल्लीत त्यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११४ धावा काढल्या. १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्ध तेथेच गुलाम अहमद यांच्यासह अखेरच्या जोडीने १०९ धावा जोडल्या. १९५९ मध्ये एका कसोटीत कर्णधारपदही भूषविले.

पुढे १९७१ मध्ये ते इंग्लंड दौऱ्याचे व्यवस्थापक झाले. लष्करी शिस्तीने त्यांनी खेळाडूंकडून क्षेत्ररक्षणाचा कसून सराव करून घेतला. ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, सोलकर-वेंकटराघवन यांनी अवघड झेल टिपले. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. भारताने तेथे प्रथमच मालिका जिंकली! १९७४ मध्ये मात्र तेच व्यवस्थापक असताना संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला आणि तिन्ही कसोट्या हरला. यशापयशाचे असे दोन्ही घोट त्यांनी घेतले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

धान कापल्यावर आम्ही गावाकडे बांधीत खेळतो. बॅट एक, पोरे वीस. फलंदाजीची पाळी क्वचितच येते. चेंडू अडवण्याची मात्र प्रत्येकाला येते. मित्रहो, त्या पाळीचे सोने करावे, हेच हे चरित्र आपल्याला शिकवते.