कोर्टाची पायरी आणि समेटाची वाट
संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२)

२४ जानेवारी हा संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण. नागपूरचे आपले कॅथेड्रल याच संताच्या नावाने उभे आहे. शहरातील शाळेला व कॉलेजलाही त्यांचेच नाव आहे. हे नाव आपण नेहमी घेतो. पण हे संत शिक्षणाने वकील होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय येथील एका सरदार घराण्यात झाला. हा भाग आज फ्रान्समध्ये आहे. पॅरिसमध्ये शिकून त्यांनी १५९१ साली इटलीतील पादुआ विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट मिळवली. मुलाने मोठ्या पदावर जावे, चांगल्या घरची सून आणावी, ही वडिलांची इच्छा. मुलाची ओढ मात्र धर्मगुरू होण्याची. घरात पेच पडला. तेव्हा मध्ये पडले ते त्यांचे चुलत भाऊ, धर्मगुरू लुई. त्यांनी रोमहून फ्रान्सिस यांच्यासाठी धर्मप्रांतातील मानाचे पद मिळवून आणले. घराण्याचा मान राहिला, वडील निवळले आणि १८ डिसेंबर १५९३ रोजी फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली. मध्यस्थीचा पहिला धडा त्यांना असा घरातच मिळाला: समोरच्याला हरवायचे नसते, त्याचा मान राखून वाट काढायची असते.

१६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले. स्वभाव मुळात तापट. पण प्रार्थनेने आणि सरावाने त्यांनी तो सौम्य केला. त्यांच्या दारी भांडणे घेऊन माणसे येत, आणि ते सर्वांचे ऐकून घेत. १६०९ साली पोप पाचवे पॉल यांनी त्यांच्यावर एक अवघड काम सोपवले. बर्गंडी भागातील मिठागरांच्या हक्कावरून तेथील धर्मगुरुवर्ग आणि राज्यकर्ते अल्बर्ट व इसाबेला यांच्यात वाद पेटला होता. एकीकडे ख्रिस्तसभा, दुसरीकडे राजसत्ता. फ्रान्सिस तेथे गेले आणि वाद मिटवून परतले.

२८ डिसेंबर १६२२ रोजी लियाँ येथे त्यांचे निधन झाले. १६६५ साली त्यांना संतपद मिळाले.

आज आपल्या कुटुंबांकडे पाहू या. वडिलोपार्जित घर, शेताचा बांध, सामाईक भिंत यांवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे तारखा घेत फिरतात. कोर्टात एक जिंकतो. पण नाते दोघेही हरतात. कायद्यानेही आता समेटाची वाट मोकळी केली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नुसार न्यायालय दावा मध्यस्थीकडे पाठवू शकते. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला.

मात्र एक गोष्ट विसरू नये. जिथे मारहाण किंवा अत्याचार आहे, तिथे समेटाच्या नावाखाली दुर्बलाला गप्प बसवणे हा न्याय नव्हे. तिथे कायद्याचेच दार ठोठावले पाहिजे.

इतर भांडणांत आपण काय करू शकतो? आधी दोघांनी एकटे बसून बोलावे. नाही जमले तर दोघांचा विश्वास असलेल्या एखाद्या माणसाला बोलवावे. कोण काय मागतो यापेक्षा त्याला खरी गरज कशाची आहे, हे विचारावे. ठरलेले कागदावर लिहून सह्या कराव्यात. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट करायला प्रभू येशूने आपल्याला शिकवले आहे.

या रविवारी मिस्सामध्ये आपण शेजाऱ्याला शांतीचा हात देऊ. ज्याच्याशी आपली तारीख सुरू आहे, तो कदाचित दोन बाकांपलीकडेच बसलेला असेल. तिथपर्यंत चालत जाण्याचे बळ संत फ्रान्सिस यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना लाभो.