भास्करराम कोल्हटकर

चंगीझखानाच्या घोडदळाने ओस पाडलेल्या नगरांची वर्णने वाचून आपण शहारतो. बंगालने मात्र तशीच आठवण एका मराठी सेनानीची जपली आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम १७४२ साली चौथाईसाठी बंगालवर चालून गेले. बर्दवानजवळ त्यांनी नवाब अलीवर्दीखानास वेढले. समोरासमोर न भिडता चपळ स्वारांनी त्याची रसद तोडली. पुढे मुर्शिदाबादेवर धाड घालून जगत्शेठांची पेढी लुटली. येथवर कौतुकच वाटते! परंतु नंतर गावेच्या गावे जाळली गेली, विणकर परागंदा झाले. चौथाई नाकारली होती नवाबाने. होरपळली ती रयत. सरकारी घोड्यावरील स्वार तो आपला बारगीर. तेथे त्याचा ‘बर्गी’ झाला व अंगाईगीतांत मुलांस भिवविण्याच्या कामी आला. धास्तावलेल्या इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणावयास घेतला.

काटव्यास ऐन दुर्गापूजेत अलीवर्दीने छापा घातला, तेव्हा भास्करराम निसटले. ३१ मार्च १७४४ रोजी मात्र मनकरा येथे तहाच्या निमित्ताने बोलावून नवाबाने त्यांस सरदारांसह दग्याने मारविले. रघूजींनी स्वाऱ्या थांबविल्या नाहीत. १७५१ च्या तहाने बंगालची वार्षिक बारा लक्ष रुपये चौथाई नागपुरास मिळू लागली.