जोतीराव फुले ज्यांची शाळा बघायला नगरला गेले, त्या मिस फरार कोण होत्या?

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई फुले तिथे शिकवायला लागल्या. हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहिती असतं. पण शाळा काढण्याआधी जोतीरावांनी मुलींची शाळा बघितली कुठे? आणि वर्गात कसं शिकवायचं हे सावित्रीबाई कुणाकडून शिकल्या?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर शोधत गेलं की गाडी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला येऊन थांबते. तिथे एक अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांचं नाव सिंथिया फरार.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो नावाच्या छोट्या गावातला. मोठ्या झाल्यावर त्या शिक्षिका झाल्या. तिशी ओलांडली तरी लग्न केलेलं नव्हतं. आयुष्य असंच गावाकडच्या शाळेत गेलं असतं, पण मधे आली मुंबई.

तर तेव्हा मुंबईत काय चाललं होतं?

बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट ही त्यांची नावं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, त्यामुळे या दोघांना परत पाठवण्याची तयारीही झाली होती. पण ते कसेबसे टिकले, मराठी शिकले आणि शाळा काढायला लागले. आधी मुलांच्या शाळा निघाल्या आणि १८२४ मध्ये मुलींची.

मुलींच्या शाळांची जबाबदारी मिशनऱ्यांच्या बायकांवर होती. घर सांभाळायचं, बाळंतपणं काढायची, त्यात मुंबईची हवा आणि साथीचे आजार. १८२६ मध्ये नाशिकहून परतताना खुद्द गॉर्डन हॉल पटकीने गेले. अशा परिस्थितीत शाळांकडे बघणार कोण? म्हणून मुंबईच्या मिशनने बोस्टनला कळवलं की फक्त मुलींच्या शाळांसाठी एक अविवाहित शिक्षिका पाठवा.

आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी परदेशी जाणारी बाई म्हणजे मिशनऱ्याची बायको, असंच ठरलेलं होतं. लग्न न झालेल्या बाईला एवढ्या लांब पाठवायचं, हा बोर्डासाठीही मोठा निर्णय होता. त्यासाठी सिंथिया फरार यांची निवड झाली. अमेरिकन बोर्डाने भारतात पाठवलेल्या त्या पहिल्या अविवाहित शिक्षिका.

जून १८२७ मध्ये त्यांचं जहाज बोस्टनहून सुटलं. सोबत दोन मिशनरी जोडपी होती. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता, त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालूनच यावं लागायचं. सप्टेंबरमध्ये ते कलकत्त्याला लागले आणि तिथून मुंबई गाठेपर्यंत डिसेंबर संपत आला. घर सोडून अर्धं वर्ष झालं होतं आणि फरारबाईंचं वय होतं ३२.

शाळेतल्या मुली मराठी बोलणाऱ्या, त्यामुळे पहिलं काम म्हणजे मराठी शिकणं. दुसरं काम त्याहून अवघड होतं, मुली शाळेत आणणं. आठव्या-दहाव्या वर्षी पोरीचं लग्न व्हायचं. शिकलेली बाई लवकर विधवा होते, असा समज घट्ट बसलेला होता. शिकून तिला कुठे कारकुनी करायची आहे, हा प्रश्न तर घरोघरी होता. आज वर्गात बसलेली मुलगी महिन्याभराने सासरी गेलेली असायची.

शाळांमध्ये शिकवायला बहुतेक हिंदू पंतोजीच असत. फरारबाई या शाळांवर देखरेख करत आणि मुलींचा अभ्यास तपासत. वाचन, लेखन, हिशोब आणि शिवणकाम शिकवलं जाई, आणि त्याच्या जोडीला बायबलही. दोनेक वर्षांत या शाळांच्या पटावर चारशेहून जास्त मुलींची नावं लागली. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन मुंबईत आल्या आणि त्यांनीही मुलींच्या शाळा काढल्या.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फरारबाई निव्वळ समाजसेवा करायला आल्या नव्हत्या. मुलींनी वाचायला शिकावं, बायबल वाचावं आणि पुढे ख्रिस्ती व्हावं, हा हेतू होता आणि तो मिशनने कधी लपवलाही नाही. आईबापांनाही ते कळत होतं. म्हणजे मुलीला शाळेत घातलं तर ती चार अक्षरं शिकेल, पण धर्म जाईल ही धास्ती डोक्यावर कायम असायची. फरारबाईंचं सगळं काम याच ताणाताणीत चाललं.

दहा वर्षांत तब्येत ढासळली आणि १८३७ मध्ये त्यांना अमेरिकेला परतावं लागलं. एवढं झाल्यावर कुणीही तिथेच राहिलं असतं. पण दोन वर्षांनी, १८३९ मध्ये, त्या पुन्हा भारतात आल्या. आता मुक्काम होता अहमदनगर.

अमेरिकन मिशनने १८३१ पासूनच नगरला आपलं ठाणं केलं होतं. तिथून पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याच्या लष्करी छावणीपर्यंत हे मिशनरी पोहोचले होते. नगरमध्ये फरारबाईंना एक अनपेक्षित संधी मिळाली. गावातल्या काही प्रतिष्ठित ब्राह्मण घरांनाच आपल्या मुलींना शिकवावंसं वाटलं आणि त्यांच्यासाठी शाळा सुरू झाल्या.

पण त्याच सुमारास नगरमध्ये ब्राह्मण तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याच्या घटना घडल्या आणि गाव ढवळून निघालं. उद्या आपल्या पोरीही बाटतील, या भीतीने घरच्यांनी मुली काढून घेतल्या आणि त्या शाळा बंद पडल्या. जी भीती मुंबईपासून पाठीशी होती, तिनेच इथे घाव घातला. फरारबाई मात्र नगरमध्येच राहिल्या आणि जितक्या मुली येतील तितक्यांना घेऊन इतर शाळा चालवत राहिल्या.

आणि मग नगरला आले जोतीराव फुले.

जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नोकरीनिमित्त नगरला होते. दोघे मिळून मिस फरार यांची मुलींची शाळा बघायला गेले. मुली शिकू शकतात का, यावर पुण्यात वाद चालत होता आणि नगरमध्ये मुली समोर बसून वाचत होत्या. शाळा पाहून जोतीराव पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली.

शाळेला शिक्षिका हवी होती. सावित्रीबाईंना लिहा-वाचायला जोतीरावांनी घरीच शिकवलं होतं. पण वर्ग सांभाळणं हे वेगळं काम. सावित्रीबाईंच्या चरित्रांत त्यांच्या प्रशिक्षणाची दोन ठिकाणं सांगितली जातात. एक पुण्यातलं मिचेलबाईंचं नॉर्मल स्कूल आणि दुसरी नगरची मिस फरार यांची शाळा.

फुले दांपत्याने नगरहून कल्पना घेतली, पण तिचा साचा बदलला. त्यांच्या शाळेत धर्म बदलण्याचा विषयच नव्हता. ही शाळा इथल्याच माणसांनी इथल्याच मुलींसाठी काढली होती आणि शिकवायला इथलीच बाई उभी होती. त्यामुळे मिशनच्या शाळेवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप इथे लागूच पडत नव्हता. तरीही विरोध झालाच. जोतीरावांच्या वडिलांनी दोघांना घराबाहेर काढलं, सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण-चिखल फेकला गेला. म्हणजे मुळात विरोध फक्त ख्रिस्ती धर्माला होता की मुलींच्या शिकण्यालाच, हेही त्यातून उघड झालं.

फरारबाई पुढेही नगरमध्येच शिकवत राहिल्या. १८६२ च्या जानेवारीत तिथेच त्यांचा मृत्यू झाला. मुंबईत पाऊल ठेवल्याला तेव्हा ३४ वर्षं झाली होती. मधली दोन वर्षं सोडली तर ही सगळी वर्षं त्यांनी याच मातीत काढली.

ज्या कामासाठी त्या आल्या, ते त्यांना हवं तसं झालं नाही. त्यांच्या शाळांमधून गेलेल्या शेकडो मुलींपैकी ख्रिस्ती झालेल्या थोड्याच. पण त्यांची शाळा बघून गेलेला एक पाहुणा आणि त्याची बायको यांनी पुण्यात जे उभं केलं, त्याने महाराष्ट्रातल्या मुलींसाठी शाळेचं दार कायमचं उघडलं.