अलेक इसिगोनिस: इंजिन आडवं बसवणारा माणूस

रस्त्यावरच्या कुठल्याही छोट्या हॅचबॅकचं बॉनेट उघडून बघा. आल्टो, वॅगनआर, आय-१०, काहीही चालेल. इंजिन आडवं बसवलेलं दिसेल, म्हणजे एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे. आणि ते पुढचीच चाकं फिरवतं. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण आपण दुसरं काही पाहिलेलंच नसतं. पण हे इतकं सर्रास झालं त्याचं मोठं श्रेय एका हट्टी माणसाला जातं. मला जुन्या ब्रिटिश छोट्या गाड्यांचं वेड आहे, त्यामुळे कधीतरी त्याच्यावर लिहायचंच होतं. नाव अलेक इसिगोनिस. त्याची सगळ्यात प्रसिद्ध गाडी म्हणजे मिनी.

अलेकचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, स्मिर्ना शहरातला. आज हे शहर तुर्कस्तानात इझमीर नावाने आहे. वडील ग्रीक वंशाचे, आई जर्मन, आणि घरात नागरिकत्व ब्रिटिश. वडिलांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना होता, म्हणजे मुलगा लोखंड आणि ग्रीसच्या वासातच वाढला. १९२२ मध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या शेवटी तुर्की सैन्य शहरात शिरायच्या बेताला आलं, तेव्हा ब्रिटिश नौदलाने आपल्या नागरिकांना उचलून माल्टाला नेलं. मागे शहर जळालं. कारखाना गेला, घर गेलं. इंग्लंड गाठण्याआधीच वडीलही वारले. १९२३ मध्ये सोळा वर्षांचा अलेक आणि त्याची आई इंग्लंडला पोचले ते जवळपास सगळं गमावून. यापुढे आई हेच त्याचं कुटुंब. त्याने लग्न केलं नाही आणि आई जाईपर्यंत तिच्यासोबतच राहिला.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये तो इंजिनिअरिंग शिकला. गणितात तीनदा नापास! चित्र काढण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गणित हे कल्पक माणसाचं शत्रू आहे असं तो पुढे आयुष्यभर ठामपणे मानत राहिला. मला हे पटत नाही (तुम्ही हे वाचून परीक्षेचा अभ्यास सोडू नका), पण त्याच्या कामाची पद्धत यातून कळते. आधी हाताने चित्र, मग बाकीच्यांनी हिशेब करायचे.

१९३६ मध्ये तो मॉरिस मोटर्समध्ये लागला. सुट्टीच्या दिवशी मित्र जॉर्ज डाउसनसोबत स्वतःच्या हाताने एक रेसिंग कार बनवायचा. तिच्या सस्पेन्शनमध्ये त्याने रबर वापरलं होतं. हे रबर लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच त्याने मॉरिस मायनरची आखणी सुरू केली. ती १९४८ मध्ये बाजारात आली. गंमत म्हणजे गाडी जवळपास तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटली. त्याने नमुना मधोमध उभा कापायला लावला आणि दोन तुकडे सरकवून बघितले. चार इंच रुंदी वाढवली. तोवर बंपर बनून आले होते, म्हणून सुरुवातीच्या मायनरचे बंपर मधोमध जोडलेले दिसतात. दहा लाखांहून जास्त विकली गेलेली ही पहिली ब्रिटिश गाडी. त्या आनंदात कंपनीने फिकट जांभळ्या रंगाच्या सुमारे ३५० खास गाड्या काढल्या, 'मायनर मिलियन'. आज त्यातली एक दिसली तरी शौकिनांची नाडी वाढते. आपल्याकडेही मायनर आली होती बरं का. हिंदुस्तान मोटर्सने ती 'बेबी हिंदुस्तान' या नावाने बनवली.

मधली काही वर्षं तो अल्विस कंपनीत गेला. तिथली त्याची मोठी गाडी कधी बाजारात आलीच नाही. १९५५ च्या शेवटी बीएमसीचा प्रमुख लेनर्ड लॉर्ड याने त्याला परत बोलावलं. ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन झालेली कंपनी ती ही.

१९५६ मध्ये सुएझ कालव्याचं संकट आलं. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं आणि लोक बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या जर्मन गाड्या घ्यायला लागले. लॉर्डला त्या गाड्यांचा भयंकर राग. त्याने इसिगोनिसला सांगितलं की खरीखुरी छोटी गाडी बनव, पण इंजिन आपल्याकडे आहे तेच वापरायचं.

आता खरा प्रश्न समजून घ्या. मोबाइलमध्ये स्क्रीन मोठी हवी, बॅटरी मोठी हवी आणि फोन मात्र खिशात मावला पाहिजे, तशीच ही अडचण होती. गाडीची लांबी फक्त दहा फूट, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही कमी. त्यात चार मोठी माणसं आणि सामान बसवायचं. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत इंजिन उभं, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून लांब दांडा मागच्या चाकांपर्यंत. निम्मी जागा यंत्रानेच खाल्ली! इसिगोनिसने इंजिन आडवं केलं. आडवं इंजिन त्याच्या आधीही होतं, जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने ते केलं होतं, पण त्यांचं इंजिन दोन सिलिंडरचं आणि छोटं. इथे चार सिलिंडर. शेजारी गिअरबॉक्सला जागाच उरेना. मग त्याने गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, तेलाच्या टाकीतच घातला. दोघांना एकच तेल.

चाकं फक्त दहा इंचांची. एवढे छोटे टायर डनलॉपने खास बनवून दिले. स्प्रिंगऐवजी त्याचा मित्र अ‍ॅलेक्स मोल्टनने बनवलेले रबराचे शंकू बसवले. गाडीचं वजन ६०० किलोच्या आसपास, म्हणजे चार माणसं बसली की भार एकदम निम्म्याने वाढतो. साधी स्प्रिंग एवढ्याने खाली बसली असती. रबर मात्र जितकं दाबाल तितकं जास्त कडक होत जातं. शेवटी गाडीच्या जमिनीची जवळपास ८० टक्के जागा माणसं आणि सामानाला मिळाली. आखणीच्या दृष्टीने मला यापेक्षा सुंदर गाडी माहीत नाही.

पण सगळंच काही छान नव्हतं. इंजिन ऐनवेळी १८० अंशांत फिरवल्यामुळे डिस्ट्रिब्युटर जाळीच्या मागे समोर आला, आणि पावसात पाणी उडलं की गाडी बंद. सुरुवातीच्या गाड्यांत तर पाणी जमिनीतून आत यायचं. २६ ऑगस्ट १९५९ ला मिनी आली तेव्हा किंमत कर धरून ५०० पौंडांच्या आत. फोर्डने म्हणे एक मिनी विकत घेऊन सुटी केली आणि हिशेब काढला की बीएमसीला प्रत्येक गाडीमागे सुमारे ३० पौंडांचा तोटा होतोय. गणिताचा तिटकारा इथे नडला असं मी म्हणेन, पण किंमत ठरवणारे साहेब वेगळे होते.

माणूस विक्षिप्तच. गाडीत रेडिओ नको, कारण लक्ष विचलित होतं. सीट फार आरामशीर नको, ड्रायव्हर जागा राहिला पाहिजे. रेसिंगवाला जॉन कूपर वेगवान मिनी काढू म्हणाला तेव्हाही हा नाखूश, कारण त्याला सामान्य माणसाची गाडी करायची होती. कूपर निघाली १९६१ मध्ये, आणि मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही पहिले तिन्ही नंबर मिनीचेच होते, पण हेडलाइटच्या नियमावरून त्यांना बाद केलं. आज संग्राहक जिच्यासाठी वेडे होतात ती ९७० सीसीची कूपर एस हजाराहूनही कमी बनली.

आता मला सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी गोष्ट. छोट्या हॅचबॅकचा सांगाडा ज्या गाडीने घालून दिला, त्या मिनीला स्वतःला हॅच नव्हतीच! मागे छोटीशी डिकी. बीटल्सच्या रिंगो स्टारने ड्रमसेट मावावा म्हणून रॅडफर्डकडून मागे दरवाजा करून घेतला. इटलीत इनोचेन्टीने १९७४ मध्ये बर्टोनेच्या आखणीची हॅचबॅक मिनी काढली. पण ब्रिटिश कारखान्याने केली नाही. इसिगोनिसने मात्र त्याच्या कितीतरी आधी ती तयार ठेवली होती. १९६८ च्या सुमाराचा ९एक्स हा नमुना मिनीपेक्षा लांबीला कमी, आतून मोठा, नव्या इंजिनचा आणि मागे उघडणाऱ्या दरवाजाचा. त्याच वर्षी कंपनी ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली. नव्या साहेबांना पैशाची चणचण होती आणि या म्हाताऱ्याच्या हट्टाचा कंटाळा. त्याला बाजूला केलं, ९एक्स गुंडाळला. त्यांचीही एक बाजू होती. त्याची १८०० ही मोठी गाडी अपेक्षेइतकी खपली नव्हती, आणि १९६९ मध्ये आलेल्या मॅक्सी या पाच दारांच्या हॅचबॅकचे गिअर टाकणं म्हणजे शिक्षा होती. तरीही ९एक्स सोडणं मला घोडचूकच वाटते. कंपनीची छोटी हॅचबॅक, मेट्रो, यायला १९८० उजाडलं. तोवर फियाट, रेनॉ, फोक्सवॅगन सगळे पुढे निघून गेले होते.

१९६९ मध्ये तो 'सर' झाला. १९७१ मध्ये निवृत्त होताना भेट काय हवी असं विचारलं, तर त्याने मेकॅनोचा सगळ्यात मोठा संच मागितला. पुढच्या वर्षी आई गेली. तो बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनमधल्या घरी राहून कंपनीचा सल्लागार म्हणून काम करत राहिला, गिअर नसलेल्या मिनीचे प्रयोग करत राहिला. २ ऑक्टोबर १९८८ ला तो वारला. जुनी मिनी त्यानंतरही बारा वर्षं बनत होती, ऑक्टोबर २००० पर्यंत, एकूण ५३ लाखांहून जास्त. ९एक्सचा नमुना आजही इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये बघायला मिळतो, मागच्या दरवाजासकट.