सेलमचा पाळक आणि खोटी साक्ष



आजचं वाचन निर्गम 20:16, खोट्या साक्षीविषयीची आज्ञा. ती वाचली की मला चार्ल्स वेंटवर्थ अपहम आठवतात.

जन्म 1802 चा, आजच्या कॅनडातल्या सेंट जॉन इथला. हार्वर्डमध्ये शिकून 1824 मध्ये ते अमेरिकेतल्या सेलम गावी फर्स्ट चर्चचे पाळक झाले. ही मंडळी साधी नव्हती. 1692 मध्ये सेलमला चेटकाचे खटले चालले, तेव्हा याच मंडळीने रिबेका नर्स या सत्तरी ओलांडलेल्या बाईंना बहिष्कृत केलं होतं. ज्यूरीने त्यांना आधी निर्दोष ठरवलं, पण न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला. मग विचारलेल्या एका प्रश्नाला त्यांनी उत्तरच दिलं नाही. कमी ऐकू यायचं हो त्यांना! तरी फाशी झाली. एकूण 19 जण फासावर गेले, एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. पुरावा काय, तर आरोपीची छाया येऊन आम्हाला छळते, असं काही मुली सांगत होत्या. मंडळीने रिबेकाबाईंवरचा बहिष्कार मागे घेतला तो थेट 1712 मध्ये.

अपहम यांनी 1831 मध्येच या प्रकरणावरची आपली व्याख्यानं छापली. पुढे घशाच्या त्रासामुळे उपदेश करणं अशक्य झालं आणि 1844 मध्ये त्यांनी मंडळी सोडली. मग राजकारण: सेलमचे महापौर, काँग्रेसचे सदस्य, मॅसॅच्युसेट्स सिनेटचे अध्यक्ष. 1867 मध्ये खटल्यांचा दोन खंडांचा इतिहास आला. कोणाचं शेत कुठे होतं, जमिनीवरून कोणाचं कोणाशी वाकडं होतं, सगळं त्यांनी खणून काढलं. जुन्या गावाचा नकाशा मुलाने काढून दिला. आरोपांमागे शेजाऱ्यांची भांडणंही होती, हे त्यातून दिसतं.

पण हेच अपहम 1849 मध्ये काय करत होते? सेलमच्या जकात कचेरीत लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न नोकरीला होते. विरोधी पक्षाचे. त्यांनी पदाचा वापर पक्षासाठी केला, असे आरोप करून त्यांना घालवणाऱ्यांत अपहम पुढे होते. नोकरी गेली. गंमत बघा, 1692 च्या न्यायाधीशांपैकी एक जण हॉथॉर्न यांचेच पूर्वज!

हॉथॉर्न यांनी 1851 च्या कादंबरीत एक गोड हसणारा, आतून कठोर न्यायाधीश रंगवला. तो अपहम यांच्यावरूनच घेतला, असं अनेक जण मानतात. अपहम 1875 मध्ये सेलमलाच वारले.

उद्याचं वाचन: निर्गम 20:17.