जगाला नावे ठेवणारे लिनियस

ज्यांच्या घरी अजून कुळागर आहे, त्यांनी एकदा तिथल्या झाडांची शास्त्रीय नावे शोधून पाहावीत. माड म्हणजे कोकस न्यूसिफेरा, पोफळ म्हणजे अरेका कॅटेचू, मिरवेल म्हणजे पायपर नायग्रम, आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका. वड आणि पिंपळही याच यादीतले. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या प्रत्येक नावापुढे एल हे एकच अक्षर छापलेले असते. ते अक्षर ज्यांचे, त्यांनी भारत कधी पाहिला नाही. स्वीडनच्या त्या कार्ल लिनियस यांची ओळख आम्ही या वेळी करून देत आहोत.

लिनियस यांचा जन्म 23 मे 1707 रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रॉशुल्ट या खेड्यात झाला. त्या काळी तिथल्या शेतकऱ्यांना आडनाव नसे, बापाचे नाव लावले की काम भागे. वडील निल्स विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा आडनाव लावणे भाग पडले. त्यांनी घरच्या जमिनीवरच्या एका मोठ्या लिंडन वृक्षावरून लिनियस हे नाव घेतले. पुढे हजारो झाडांना नावे देणाऱ्या मुलाला स्वतःचे आडनाव असे एका झाडाकडून मिळाले होते.

वडील धर्मोपदेशक होते आणि त्यांना बागेचा भारी नाद होता. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे अशी घरची इच्छा, पण मुलाचे लक्ष पुस्तकांपेक्षा बांधावरच्या गवताकडे. याला शिकवण्यात अर्थ नाही, एखाद्या कारागिराच्या हाताखाली घाला, असे मास्तरांनी वडिलांना सांगून टाकले. तेव्हा योहान रोथमन नावाचे एक डॉक्टर मध्ये पडले. हा मुलगा वैद्यक शिकेल, असे त्यांनी वडिलांना पटवले आणि स्वतःकडे ठेवून त्याला शिकवले. वैद्यकच का, तर तेव्हाची औषधे बहुतेक झाडपाल्याची. डॉक्टरला वनस्पती ओळखता येणे आवश्यकच होते.

1728 साली ते उप्साला विद्यापीठात आले तेव्हा हातात पैसे नव्हते. फाटक्या बुटांत कागद घालून दिवस काढले. 1732 मध्ये उत्तरेकडच्या लॅपलंडची खडतर पायपीट केली. 1735 मध्ये ते डॉक्टरकीची पदवी घेण्यासाठी हॉलंडला गेले आणि त्यांचे नशीब तिथेच उघडले. त्याच वर्षी त्यांचे सिस्टिमा नॅच्युरी हे पुस्तक निघाले. जेमतेम डझनभर मोठ्या पानांच्या तक्त्यांत त्यांनी खनिजे, वनस्पती आणि प्राणी अशी सारी सृष्टी खानेवार मांडली. फुलांतले पुंकेसर मोजायचे, त्यांची मांडणी पाहायची आणि झाड 24 वर्गांपैकी एकात टाकायचे, अशी त्यांची पद्धत होती. ती सोयीची होती, नवशिक्यालाही जमे. पण हे वर्गीकरण कृत्रिम आहे, झाडांचे खरे नाते यातून कळत नाही, हे त्यांना स्वतःला ठाऊक होते.

हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड या श्रीमंत सावकाराची मोठी बाग होती. तिच्या काचघरातल्या केळीला काही केल्या फूल येत नव्हते. लिनियस यांनी झाड चांगल्या मातीत लावून काही आठवडे कोरडे ठेवले, मग भरपूर पाणी दिले. थोडक्यात, आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा त्या काचघरात आणला. 1736 च्या सुरुवातीला केळफूल आले आणि त्यावर त्यांनी एक पुस्तिकाच लिहिली. केळीची ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आमच्या मुलखाशी त्यांचा खरा धागा जुळतो तो हॉर्टस मलबारिकस या ग्रंथातून. कोचीनचे डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यांनी तो तयार करवला. त्याचे 12 खंड 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. मुख्य माहिती देणारे इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते. त्यांच्या जोडीला होते रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोंकणी वैद्य. गोव्यातून कोचीनला जाऊन स्थायिक झालेल्या समाजातले हे लोक. त्यांचे 1675 सालचे कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापले आहे. मलबारच्या कितीतरी झाडांसाठी लिनियस यांनी याच ग्रंथातल्या चित्रांचा आधार घेतला. झाडाचे नाव लॅटिन झाले, पण त्यामागची ओळख आमच्याच लोकांनी पटवलेली होती. नव्या नावापुढचे अक्षर मात्र एकट्या लिनियस यांचे राहिले. हा हिशेब आम्हाला थोडा खटकतो.

जाता जाता एक खुलासा. भिरंडीच्या झाडाचे गार्सिनिया हे नाव गोव्याचे वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्यावरून आले, असे आमच्यातले अनेकजण समजतात. तसे नाही. लिनियस यांनी ते डच कंपनीचे डॉक्टर लोरां गार्सें यांच्या सन्मानार्थ ठेवले.

1738 मध्ये ते स्वदेशी परतले. पुढच्या वर्षी लग्न झाले आणि 1741 मध्ये उप्सालाला प्राध्यापकी मिळाली. तोवर एका झाडाचे नाव म्हणजे लॅटिनमधले लांबलचक वर्णन असे. 1753 च्या स्पीशीज प्लांटारम या ग्रंथात त्यांनी प्रत्येक वनस्पतीला सरसकट दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आडनाव आणि नाव म्हणा ना. 1758 च्या सिस्टिमा नॅच्युरीच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांनाही तशीच नावे मिळाली. जगभरचे शास्त्रज्ञ आजही हीच रीत पाळतात.

त्यांच्या काळी नाते ओळखायचे ते रूपावरून. आज जनुकसंच वाचता येतो. दोन प्राण्यांमधले एकच जनुक शेजारी ठेवून त्याची अक्षरे जुळवायची आणि कुठे फरक पडला ते पाहायचे. एकाच पूर्वजाकडून आलेले बदल वंशजांत सारखे सापडतात. एकटे जनुक कधी फसवते, म्हणून हजारो जनुके तपासतात.

या कसोटीवर लिनियस किती उतरतात? देवमाशाला त्यांनी आधी माशांत टाकले होते, 1758 मध्ये सस्तन प्राण्यांत आणले, ते बरोबर. पाणघोड्याला घोड्याशेजारी बसवले, ते चुकले. जनुके सांगतात की पाणघोडा देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक आहे. वटवाघळाला त्यांनी माणसामाकडांच्या गटात घातले आणि गेंड्याला चक्क उंदरांच्या! खवले मांजराला त्यांनी अमेरिकेतल्या मुंगीखाऊजवळ ठेवले. प्रत्यक्षात ते मांजर, कुत्रा, अस्वल अशा मांसाहारी प्राण्यांच्या कुळाला अधिक जवळचे निघाले. मराठी नाव देणाऱ्याने काही जनुके तपासली नव्हती, पण निशाणा जवळ लागला.

आता केळी. लिनियस यांनी तिच्या दोन जाती सांगितल्या. पुढे कळले की त्या स्वतंत्र जातीच नाहीत, दोन रानटी केळींच्या संकरातून आलेली ती पिके आहेत. त्या मूळ केळींची फळे टणक बियांनी भरलेली असतात. खाण्याच्या अनेक केळींच्या पेशींत दोन्हींचे जनुकसंच एकत्र सापडतात.

संकराचा प्रश्न खुद्द लिनियस यांनाही छळत होता. देवाने आरंभी घडवल्या तेवढ्याच जाती, नवी जात होत नाही, अशी त्यांची तरुणपणीची ठाम श्रद्धा. 1742 मध्ये एका विद्यार्थ्याने स्टॉकहोमजवळच्या एका बेटावरून लिनारियाचे एक रोप आणले. सारे काही नेहमीसारखे, फुले मात्र निराळी. एका शिंगाऐवजी पाच शिंगे. लिनियस चक्रावले. त्यांनी त्याला पेलोरिया, म्हणजे राक्षसी रूप, असे नाव दिले आणि हा संकर असावा असा तर्क केला. धर्मोपदेशकाच्या मुलाला हे सोपे गेले नसणार. पण फूल समोर होते आणि त्यांनी ते नाकारले नाही. पुढे संकरातून नव्या जाती होत असाव्यात, असे ते मानू लागले. 1999 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी पेलोरियाचे कोडे उलगडले. तो संकर नव्हताच. फुलाचा आकार ठरवणाऱ्या जनुकाची अक्षरेही बदललेली नव्हती. त्यावर रासायनिक खुणा चिकटून ते निद्रिस्त झाले होते.

माणसाला माकडांच्या गटात ठेवायचे धाडस लिनियस यांनी केले आणि होमो सेपियन्स हे नावही त्यांचेच. पण त्याच पानावर त्यांनी खंडांनुसार माणसांचे चार प्रकार पाडले आणि रंगाबरोबर स्वभावही वाटून टाकले. युरोपियन बुद्धिमान, आफ्रिकन आळशी, असला तो प्रकार. फुलाने शंका दाखवली तेव्हा थांबलेला माणूस इथे थांबला नाही, आणि त्याचे परिणाम इतरांनी भोगले. जनुकसंच अशा भिंती दाखवत नाहीत. एकाच लोकसमूहातल्या दोन माणसांतले फरक बहुधा दोन समूहांमधल्या फरकांपेक्षा मोठे निघतात.

आशियाई हत्तीची कथा तर अगदी अलीकडची. लिनियस यांनी एलिफस मॅक्सिमस हे नाव देताना आधाराला घेतलेल्या नमुन्यांत अल्कोहोलमध्ये ठेवलेला हत्तीचा गर्भ होता. तो स्टॉकहोममध्ये आजही आहे. 2013 मध्ये त्यातली प्रथिने आणि डीएनएचे तुकडे तपासले तेव्हा तो आफ्रिकन हत्ती निघाला. मग जातीचा अधिकृत नमुना म्हणून फ्लॉरेन्समधला एक सांगाडा निवडला गेला. तो हान्स्केन या सिलोनच्या हत्तिणीचा. ती युरोपभर खेळ करत फिरली आणि 1655 मध्ये फ्लॉरेन्सला मेली.

लिनियस यांची अखेर वाईट झाली. 1774 पासून पक्षाघाताचे झटके आले आणि स्मरण गेले. स्वतःचीच पुस्तके चाळून ती कोणी लिहिली असे ते विचारत, असे सांगतात. 10 जानेवारी 1778 रोजी ते वारले. मुलगाही पाच वर्षांत गेला. त्यानंतर कुटुंबाने सारा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाला विकला. तो आज लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. उप्सालाच्या कॅथीड्रलमध्ये लिनियस यांची कबर आहे. 1959 मध्ये विल्यम स्टर्न या वनस्पतिशास्त्रज्ञाने होमो सेपियन्स या जातीचा नमुना म्हणून लिनियस यांचेच नाव नोंदवले.